भार कुठे पडतोय? : ॲडव्हान्स्ड फिगर ड्रॉइंगचं सत्र

बेसिक फिगर ड्रॉइंग, म्हणजे समोरच्या मॉडेलवरून माणसाचं अंग काढणं, झालं की अंगात जरा वारं भरतं. डोक्याच्या साडेसातपट उंची धरली की माणूस उभा राहतो, चारकोल बोटाने पसरला की गोलाई येते आणि घरचे म्हणतात, अगदी हुबेहूब! ॲडव्हान्स्डच्या पहिल्या तासाला मॅडमनी सगळ्यांची आधीची चित्रं भिंतीला लावायला सांगितली, डोळे बारीक करून सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "यातला जमिनीवर उभा कोण आहे?"

खरंच, पाय सगळ्यांना होते, पण पायांवर भार कुणाच्याच नव्हता. पुढचं सगळं सत्र या एकाच प्रश्नाभोवती गेलं, असं म्हटलं तरी चालेल.

सुरुवातीचे आठवडे फक्त जेश्चर, म्हणजे पोझचा झोक पकडणारी झटपट रेखाटनं. तीस सेकंदांच्या, मिनिटाच्या, दोन मिनिटांच्या पोझेस, फार तर पाच. न्यूजप्रिंटचे गठ्ठे भराभर संपतात आणि चेहरा, बोटं यांच्यापर्यंत हात पोचतच नाही. मॅडमची एक अट होती: डोक्यापासून सुरू करायचं नाही, पेल्व्हिसपासून, म्हणजे कमरेच्या हाडापासून करायचं. आम्ही कुरकुरलो, कारण सवय वरून खाली यायची. पण माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की त्या बाजूची कंबर वर जाते, त्याच बाजूचा खांदा खाली येतो आणि मधला कणा दोघांचं जमवून घेत वळतो. इ.स.पू. 480च्या सुमारास घडवलेल्या 'क्रिटिओस बॉय' या ग्रीक मूर्तीत याची सुरुवात दिसते, आपल्याकडच्या मूर्तींच्या त्रिभंगात, म्हणजे तीन ठिकाणी वळलेल्या उभ्या पवित्र्यात, तर हे आणखी ठसठशीत. म्हणजे कंबर किती तिरकी आहे ते चुकलं, की वर कितीही सुंदर डोकं काढा, ते दुसऱ्याच कुणाच्या तरी धडावर बसतं. पोटाच्या खाली दोन्ही बाजूंना कमरेच्या हाडाची टोकं कातडीखालून डोकावतात. ती हेरून जोडणारी तिरकी रेघ आधी मारायची. एवढ्याने निम्मं चित्र मार्गी लागतं, हे माझं मत आजही कायम आहे.

मग ओळंबा आला. दोऱ्याला वजन बांधायचं, हात लांब धरायचा, एक डोळा मिटायचा. गळ्याच्या खळगीतून सोडलेली रेघ भार घेतलेल्या पायाच्या आतल्या घोट्याच्या आसपास उतरते. कागदावर तशी उतरत नसेल तर तुमचा माणूस पडायला आलाय, किंवा कशाला तरी टेकलाय आणि ते 'कशाला तरी' तुम्ही काढलेलं नाही.

ॲनाटॉमीचे तास वेगळे होते. स्नायूंची लांबलचक नावं परीक्षेपुरती पाठ केली, त्यातली बरीच विसरलेही. खांद्याचं गणित मात्र डोक्यात बसलं. हात डोक्यावर उचलतो तेव्हा एकूण 180 अंशांपैकी साधारण 120 खांद्याच्या सांध्यातून येतात, उरलेले 60 पाठीवरचं फऱ्याचं हाड बरगड्यांवर सरकतं म्हणून मिळतात. हे कळायच्या आधी वर उचललेला हात बाहेरून चिकटवल्यासारखा दिसायचा. आता आधी फरा कुठे गेलाय ते बघते, हात नंतर. तसंच घोट्याचं: आतला घोटा नेहमी बाहेरच्यापेक्षा वर असतो. एवढीशी गोष्ट, पण ती कागदावर आली की पाऊल जमिनीला टेकतं.

खरी कसोटी लाँग पोझची. एकच पोझ कित्येक आठवडे चालते. वीस मिनिटं पोझ, पाच मिनिटं ब्रेक. मॉडेलच्या पावलांभोवती मास्किंग टेपच्या खुणा, आमच्या इझलच्या पायांभोवतीही खुणा, कारण वीतभर सरकलात तरी वेगळंच चित्र समोर येतं. आमचे मॉडेल साठीच्या घरातले. सगळे त्यांना काका म्हणायचो. ब्रेक झाला की गाऊन चढवून ते सगळ्यांच्या बोर्डांमधून एक फेरी मारायचे.

लाँग पोझबद्दल कुणी आधी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे, मॉडेल स्थिर नसतो. टेपच्या खुणेवर पाऊल अचूक येतं, पण वरचं शरीर दर वेळी थोडं निराळं बसतं. पहिल्या पाच मिनिटांत छाती उचललेली असते. मग बरगड्यांचा पिंजरा हळूहळू कमरेवर उतरतो, एका कुशीतली घडी खोल होते, हनुवटी खाली येते, भाराच्या पायाचा गुडघा मागे ताणून घट्ट बसतो. समोर दिसेल ते इमानदारीत काढत गेलं, तर डोकं ताज्या पोझचं, कंबर थकलेल्या पोझची आणि पाय मागच्या आठवड्याचे, असा कधीच अस्तित्वात नसलेला माणूस तयार होतो. त्यामुळे कोणता क्षण धरायचा हे ठरवावंच लागतं. वर्गातल्या काहींनी पहिल्या दिवसाचा ताठपणा पकडला आणि पुढे तेवढाच जपला. मी थकलेली पोझ निवडली. ताठ उभं राहणं हे निम्मं नाटक असतं, भार खरा कुठे जातोय ते अंग सैल पडल्यावरच दिसतं.

तेही नुसतं बघून कळलं नाही. एका ब्रेकमध्ये मी विचारलं, "काका, सगळ्यात जास्त कुठे दुखतं हो?" त्यांनी पायाकडे बघितलंसुद्धा नाही. "उजवी टाच. आणि इथे," म्हणत कमरेच्या मागे, उजव्या बाजूला अंगठा दाबला. "डावा पाय काय, नावालाच आहे." परत पोझ सुरू झाली आणि मी उजव्या टाचेखालची सावली दाबून गडद केली, डाव्या पावलाची कड जवळजवळ पुसून टाकली. चित्र तिथे फिरलं. तेव्हापासून प्रत्येक मॉडेलला मी हा प्रश्न विचारते, ब्रेकमध्येच, पोझ चालू असताना नाही.

टोनबद्दल, म्हणजे उजेड-सावलीच्या छटांबद्दल थोडक्यात. विलो चारकोल झटकला तरी निघतो, कंप्रेस्ड एकदा बसला की हटत नाही, म्हणून तो शेवटी. सावलीतला परावर्तित प्रकाश कितीही चमकदार वाटला तरी तो उजेडातल्या मध्यम छटेपेक्षा गडदच ठेवायचा, नाहीतर गोलाई फुटते. फोरशॉर्टनिंगला, म्हणजे आपल्या दिशेने आलेलं अंग आखूड दिसतं तिथे, मापं फसवतात. पाय आपल्याकडे करून आडवा पडलेला माणूस 'किती डोकी' या हिशोबात बसत नाही. तिथे कोणता आकार कोणाच्या पुढे येतो आणि अंगामधल्या मोकळ्या जागा कशा दिसतात, एवढ्यावरच भिस्त ठेवावी.

विषय निघालाच आहे म्हणून सांगते. आमच्या वर्गात मुली जास्त होत्या, आणि न्यूड मॉडेलसमोर उभं राहण्यात दुसऱ्या दिवसापासून कुणालाच काही वाटेना. पण कलेच्या इतिहासाच्या तासाला योहान झोफानीचं 1771-72चं चित्र दाखवलं, तेव्हा वर्ग गप्प झाला. लंडनच्या रॉयल अकादमीचे सदस्य नग्न पुरुष मॉडेलभोवती जमलेत. अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी संस्थापक सदस्य, पण त्या खोलीत नाहीत. भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत आहेत! तिथल्या विद्यार्थिनींना लाइफ क्लास, म्हणजे जिवंत मॉडेलवरून काढायचा वर्ग, मिळायला 1893 उजाडलं, तेही मॉडेलच्या अंगावर कापड ठेवून. अमेरिकेत चित्रकार-शिक्षक थॉमस ईकिन्सने मुलींसमोर पुरुष मॉडेलचं लंगोट काढलं, त्यावरून 1886 मध्ये त्याला पेनसिल्व्हेनियातल्या अकादमीचा राजीनामा द्यावा लागला. मला ही नुसती अब्रूची भानगड वाटत नाही. कंबर झाकली की ती तिरकी रेघच झाकली जाते, आणि मग उभ्या माणसाचा अंदाज बांधत बसायचं.

सबमिशनला लाँग पोझचं एक मोठं चित्र, जेश्चरचा गठ्ठा आणि ॲनाटॉमीची वही दिली. ज्युरीतल्या सरांनी मोठं चित्र उलटं धरून पाहिलं, मग सुलटं करून विचारलं, "डावं पाऊल अर्धवट का?" म्हटलं, त्यावर भार नाही. त्यांनी मान हलवली आणि जेश्चरचा गठ्ठा उलगडायला घेतला. त्यावर बराच वेळ गेला. लाँग पोझपेक्षा जास्त.

पुढच्या सत्रात दोन मॉडेल एकत्र आहेत, एकाने दुसऱ्यावर रेलायचं. ओळंबा नेमका कोणाच्या गळ्यातून सोडायचा, असं मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "कोणाच्याच नाही गं. आधी दोघांच्या मधून सोडून बघ."