वीस यार्डांच्या आतला एल्क: यंदाच्या सप्टेंबरच्या नोंदी

कोलोरॅडोत एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, धनुष्यबाणाने शिकारीचा हंगाम 2 ते 30 सप्टेंबर. तो संपला, आणि फ्रीजरमध्ये यंदाही एल्कचं मांस नाही. तरी मी या हंगामावर खूश आहे, कारण जनावरं इतक्या जवळ याआधी कधी आली नव्हती. वीस यार्ड, बारा यार्ड, एकदा तर पाच. एवढ्या जवळ येऊनही बाण का सुटला नाही, किंवा सुटून वाया का गेला, हे डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

आपल्यातले बरेच जण टार्गेटवरच्या धनुर्विद्येतून इकडे शिकारीत आलेत. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला कंपाऊंडचे (टोकांना चाक्या असलेल्या धनुष्याचे) जगज्जेते झाले, तेव्हा 50 मीटरवरचं दहाचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं होतं. एल्कच्या हृदय-फुफ्फुसांची जागा त्याच्या निदान चौपट रुंद असते. मग पंधरा यार्डांवर नेम चुकेल कसा, असं टार्गेटवाल्याला वाटतं, आणि नेमापुरतं ते खरंही आहे. संधी जाते ती नेम धरायच्या आधी. कुठे बसलात, कॉल (एल्कच्या आवाजाची नक्कल) कुठून दिला, दोरी कधी ओढली, यातच सगळं ठरून गेलेलं असतं. माझं धनुष्य पन्नास पौंडांच्या ताणाचं आहे आणि तीस यार्डांपलीकडे मी बाण सोडत नाही, म्हणून या प्रश्नाचा मला इतका ध्यास आहे.

फ्लॅट टॉप्सच्या बाजूला, दहा हजार फुटांच्या आसपास, उत्तर उतारावर स्प्रूसचं दाट रान आहे. तिथे मी पुढे आणि नवरा माझ्यामागे साठेक यार्डांवर, मादीचे कॉल देत, अशी आमची मांडणी होती. खालून एका नराचा बिगुल, म्हणजे त्याची लांब हाक, दोनदा आला आणि मग तो गप्प झाला. नवखा माणूस इथे उठतो. आम्ही उठलो नाही. काही वेळाने आधी वास आला, माजावर आलेल्या नराचा तो उग्र, मुताचा वास, आणि मग फांद्यांमधून शिंगं हलताना दिसली. बारा यार्डांवर येऊन तो थांबला. श्वास सोडताना नाकपुड्यांभोवतीची वाफ दिसत होती, पोटाखालचा चिखल अजून ओला होता. तो सरळ माझ्याकडे तोंड करून उभा होता आणि माझ्या डोक्यावरून मागे पाहत होता, कारण त्याला बोलावणारी मादी तिकडे असायला हवी होती.

समोरून बाण मारावा की नाही यावर इथल्या धनुर्धाऱ्यांत कडाक्याचे वाद होतात. माझं मत पक्कं आहे: नाही. छातीच्या मधोमध वाट अरुंद असते, दोन्ही बाजूंना खांद्याची हाडं आणि मध्ये उरोस्थी. पन्नास पौंडांच्या धनुष्याने तिथे जुगार खेळायचा नाही. तो नर बराच वेळ तसाच उभा राहिला, मग वळला आणि ज्या वाटेने आला त्याच वाटेने गेला. बाण न सोडण्याच्या निर्णयाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आताही नाही.

पण तो समोरून आला हा नशिबाचा भाग नव्हता, हे नंतर नकाशावर रेघा ओढताना कळलं. कॉल देणारा, मी आणि नर एका सरळ रेषेत असलो, तर नर माझ्याकडे तोंड करूनच येणार. आता कॉल देणारा माझ्या थेट मागे नसतो. वारा ज्या दिशेला वाहतोय, त्याच्या उलट बाजूला तो तिरका सरकतो. नर शेवटच्या टप्प्यात वास घ्यायला वाऱ्याखालच्या बाजूने वळसा घालतो आणि त्या वळशात त्याची कूस माझ्याकडे येते. मांडणी बदलल्यावर पुढचे दोन नर आडवेच आले. त्यातला एक पंचेचाळीसच्या पुढून गेला, म्हणजे माझ्यासाठी नाहीच.

दुसरा आला सतराला, आणि मी होते एका जाड खोडाच्या मागे. लपायचं म्हणजे आडोशाच्या मागे, हा आपला स्वाभाविक समज. एल्कच्या बाबतीत तो उलटा करावा लागतो. खोडाच्या पुढे, खोडाला पाठ लावून बसायचं. स्थिर बसलेला माणूस मागच्या झाडात विरून जातो आणि समोरच्या सगळ्या फटी मोकळ्या राहतात. मागे बसलात की नर दिसतो पण बाण जायला वाट नसते, आणि वाटेसाठी वाकलात की हालचाल त्याच्या नजरेत भरते. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे तो दुसरीकडे पाहतोय हा आपला भ्रम असतो. माझ्या धनुष्याची वरची टोकाची चाकी एका वाळक्या फांदीला टेकली, टक् असा आवाज झाला आणि तो तीन उड्यांत रानात गेला.

दोरी ओढायची वेळ एकच: त्याचं डोकं झाडामागे गेलं की. अंग नव्हे, डोकं. तेवढ्या दोन सेकंदांत ओढून व्हावं म्हणून मी धनुष्य पंचावन्नवरून पन्नास पौंडांवर आणलं. कोलोरॅडोत कायद्याने किमान 35 पौंड लागतात, तेव्हा अडचण नाही. गुडघ्यावर बसून, धनुष्य आभाळाकडे न उचलता, सरळ मागे ओढता येईल एवढाच ताण आपला. माझ्या धनुष्याचा लेट-ऑफ 80 टक्के आहे, म्हणजे पूर्ण ओढल्यावर बोटांवर दहाच पौंड उरतात. घरच्या अंगणात तेवढं दीड मिनिट धरून मग बाण सोडायचा सराव उन्हाळाभर केला. त्याचा रानात फायदा झाला. एका मादीसाठी मी बराच वेळ ताण धरून बसले आणि हात थरथरला नाही.

ती मादी पाच यार्डांवर आली होती. माझा बाण तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही, मधल्या पडलेल्या अस्पेनच्या ओंडक्यात घुसला. ती सुखरूप गेली. साइटमधून, म्हणजे धनुष्यावरच्या नेम धरायच्या चौकटीतून, ओंडक्याच्या वरची वाट स्वच्छ दिसत होती. पण डोळा दोरीतल्या पीपमधून (बारीक छिद्रातून) पाहतो आणि बाण त्याच्या खाली दहा-बारा सेंटिमीटरवरून सुटतो. वीस यार्डांपर्यंत जाताना तो वर येऊन नजरेच्या रेषेला मिळतो. पाच यार्डांवर तो अजून खालीच असतो. घरी येऊन पाच यार्डांवर टार्गेट लावलं, साइटमधली वीस यार्डांची पिन (नेमाची खूण) मधोमध धरली, आणि बाण चार बोटं खाली लागला. इतक्या जवळ खालची, लांबच्या अंतराची पिन वापरावी लागते. हे टार्गेटवर कुणी शिकवत नाही, कारण पाच यार्डांवर तिथे फक्त पहिल्या दिवशी उभे राहतात. सगळ्यांनी एकदा तीन, पाच, आठ यार्डांवर बाण मारून कुठली पिन कुठे लागते ते लिहून ठेवाच.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. पहाटे थंड हवा उताराने खाली सरकते, ऊन चढलं की वर. मधल्या वेळात, साधारण नऊ-दहाच्या सुमारास, ती कुठेही फिरते. वारा दाखवणारी पावडरची डबी दर काही मिनिटांनी दाबत राहायची आणि पावडर फिरू लागली की तिथून निघायचं, नर कितीही जवळ बोलत असला तरी. नवऱ्याला हे पटायला वेळ लागला. "अगं, आलाच तो आता," असं तो म्हणाला, आणि तेवढ्यात माझ्या मानेला मागून वारा लागला. नराचा बिगुल त्यानंतर ऐकू आला नाही.

टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मंडळींसाठी: 2025 पासून बाहेरच्या राज्यातल्यांना पश्चिम कोलोरॅडोत धनुष्याचं एल्क लायसन्स दुकानातून सरळ मिळत नाही, ड्रॉमध्ये (सोडतीत) अर्ज करावा लागतो. आणि जन्म 1 जानेवारी 1949 किंवा त्यानंतरचा असेल, तर हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतंच.

हिवाळ्यात थ्रीडी रेंजवर (जनावरांच्या पुतळ्यांवर सराव करायच्या मैदानावर) सगळे बाण गुडघ्यावरून आणि पंधरा यार्डांच्या आतूनच मारणार आहे, मध्ये आडवा ओंडका ठेवून. मुख्य प्रश्न आहे एकटीने जाण्याचा, कारण पुढच्या वर्षी नवऱ्याला पूर्ण महिना सुट्टी नाही. एकटं असताना कॉल जिथून दिला तिथेच नर बघत येतो. कॉल देऊन तीस-चाळीस यार्ड पुढे, वाऱ्याखालच्या बाजूला सरकून बसायचं असा विचार आहे, पण कोरड्या पानांवर ते बिनआवाज होत नाही. ओल्या दिवसांसाठीच राखून ठेवायचं, की चालण्याचा आवाजही कळपाचाच वाटेल असं पाऊल टाकायचं? कुणी करून पाहिलं असेल तर सविस्तर लिहा, विशेषतः किती अंतर सरकलात आणि नर कुठल्या बाजूने आला ते.