अर्धवट उघडा व्हॉल्व्ह आणि हिरवी पट्टी

पाण्याखाली 32 मीटरवर माझ्या हवेच्या टाकीचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा नाचायला लागला. श्वास घेतला की 150 बारवरून सरकन खाली यायचा, सोडला की पुन्हा 150 वर. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र, ओढावा लागत होता, जाड कापड तोंडावर धरून श्वास घ्यावा तसा. वर बोटीवर हाच रेग्युलेटर अगदी हलका चालला होता. मी जोडीदाराला गेज दाखवला. त्याने एकदा माझ्या डोळ्यांत पाहिलं, मागे आला आणि माझ्या टाकीचा नॉब फिरवू लागला. एक फेरी, दुसरी फेरी, आणि काटा जागेवर थांबला. पुढचा श्वास इतका मोकळा आला की मी तो मुद्दाम दोनदा घेतला.

झालं असं होतं: मी टाकी पूर्ण उघडून तपासली होती. नंतर उडी मारायच्या आधी बोटीवरच्या मदतनीसाने शेवटची खात्री म्हणून नॉबला हात लावला, उलट्या बाजूने फिरवून पूर्ण बंद केला आणि वर सवयीने पाव फेरी मागे घेतला. जुनी शिकवण तशीच होती, पूर्ण उघडा आणि पाव फेरी परत. त्याचा हेतू चांगलाच होता. फक्त दिशा चुकली, आणि ही पाव फेरी भलत्याच टोकाला लागू झाली.

पूर्ण बंद टाकी त्या मानाने बरी. पाण्यात जायच्या आधी दोन-तीन श्वासांत कळतं. पाव फेरी उघडी टाकी मात्र वर फसवते. गेज भरलेला दिसतो, श्वासही येतो. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागत असतील तर 32 मीटरवर, 4.2 बार दाबाखाली, तेच 84 लिटर होतात. हवा घट्ट झालेली असते आणि जायला फट तेवढीच. म्हणजे जिथून वर यायला वेळ लागतो, नेमकं तिथे ते कळतं. त्या दिवसानंतर मी पाव फेरी मागे घेणं सोडलं. पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद, मधलं काही नाही. आता बरेच प्रशिक्षक तसंच शिकवतात, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण मूळ अडचण राहतेच. टाकीचा व्हॉल्व्ह नुसता पाहून काहीच सांगता येत नाही. पाण्याच्या पाइपावरचा लिव्हरचा कॉक बघा, दांडा पाइपाला समांतर म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद. लांबूनही दिसतं. आपल्या टाकीवरचा गोल नॉब उघडा असो वा बंद, दिसायला सारखाच. तो फिरताना सहसा बाहेरही येत नाही की आतही जात नाही, सगळी हालचाल आत होते. मग टाकीवर लिव्हरचाच कॉक का लावत नाहीत? कारण 200 बारचा दाब एका झटक्यात सोडणं धोक्याचं आहे. ऑक्सिजनच्या टाकीत तर फारच. वायू अचानक दाबला गेला की तापतो, आणि ऑक्सिजनमध्ये तेवढ्या उष्णतेने आतला भाग पेटू शकतो. म्हणून टाकीचा व्हॉल्व्ह हळूहळू, फेऱ्या घेत उघडायचा. त्या फेऱ्या हव्यातच. म्हणून फेऱ्या ठेवून वर खूण दाखवणारा नॉब मला इतका पटतो.

मी वापरते तो साधा आहे. नॉबच्या आतला भाग फेऱ्यांबरोबर सरकतो. पूर्ण उघडला की हिरवी पट्टी दिसते, बंद करत गेलं की लाल. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट मधली स्थिती वाटते. पाव फेरी उघड्या टाकीवर हिरवी पट्टी पूर्ण दिसत नाही. त्या दिवशी माझ्या टाकीवर हा नॉब असता तर उडी मारायच्या आधी कुणीतरी बोट दाखवलं असतं.

कुणीतरी, कारण मला स्वतःला ती पट्टी दिसत नाही. मी आता जुळ्या टाक्या पाठीवर घेऊन उतरते. व्हॉल्व्ह मानेमागे असतात, तिथे माझी फक्त बोटं पोचतात. म्हणजे ही पट्टी मागून येणाऱ्या जोडीदारासाठी आहे. गुहेत किंवा बुडालेल्या जहाजात हे फार महत्त्वाचं ठरतं. पुढे पोहताना डाव्या बाजूचा नॉब छताला घासला तर तो बंद होण्याच्या दिशेने फिरतो. उजवा घासला तर उघडायच्या दिशेने. म्हणूनच लांब नळीचा, दुसऱ्याला द्यायचा रेग्युलेटर उजव्या व्हॉल्व्हवर असतो आणि गळ्यातला राखीव डावीकडे. डावा नकळत बंद झाला तर मी मजेत श्वास घेत राहते, आणि राखीव रेग्युलेटर मेला आहे हे तो लागेल तेव्हाच कळतं. गेजही डावीकडेच असतो, त्यामुळे काटा एकाच जागी अडकून राहिला तर लगेच हात मागे न्यायचा. मागून येणाऱ्याला टॉर्चच्या उजेडात डावीकडे हिरवं दिसेनासं झालं, तर तो माझ्याआधी सांगू शकतो.

टॉर्च म्हटलं, कारण पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी जातो. थोड्याच मीटरवर लाल पट्टी मळकट काळपट दिसते. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष काही दुर्मीळ नाहीत. माझा नेहमीचा जोडीदारच त्यांतला आहे. त्याच्यासाठी आम्ही माझ्या नॉबच्या हिरव्या पट्टीवर पांढऱ्या रंगाच्या दोन आडव्या रेघा मारल्या. रेघा दिसल्या तर उघडा. न दिसल्या तर, रंग कुठलाही वाटो, तो येऊन हाताने तपासतो. बनवणाऱ्यांनी रंगाबरोबर आकार किंवा रेघा द्यायलाच हव्यात, असं मला फार वाटतं.

हात मात्र सुटत नाही. पट्टी नॉबची जागा दाखवते, टाकीतून वायू येतो की नाही ते दाखवत नाही. नॉब आतल्या दांड्यावर सैल झाला आणि नुसताच फिरला तर पट्टी खुशाल हिरवी होईल. म्हणून बोटीवर मी अजूनही प्रत्येक रेग्युलेटरमधून चार मोठे श्वास घेते आणि त्याच वेळी काट्याकडे बघते. काटा जरासाही हलला तर नॉब पुन्हा तपासायचा. आणि पाण्यात प्रत्येक अरुंद जागेनंतर हात मागे जातो. उजवा, मधला, डावा.

मधल्याबद्दल एक सांगायचं राहिलं. दोन टाक्यांना जोडणारा मधला व्हॉल्व्ह, आयसोलेटर, बंद राहिला आणि टाक्या भरायला गेल्या तर एकच भरते, दुसरी जुन्याच वायूवर राहते. गेज एकाच बाजूचा आकडा दाखवत असतो. तिथेही खूण असावी असं मला वाटतं, आणि ती भरणाऱ्यालाही दिसावी.

सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते डेकोच्या टाक्यांनी, म्हणजे वर येताना थांबत थांबत श्वास घ्यायच्या वेगळ्या वायूच्या टाक्यांनी. त्या कडेला लटकतात, स्वतःला दिसतात, आणि उतरताना बंदच ठेवायच्या असतात. आधी उघडून नळीत दाब भरायचा, मग बंद. नाहीतर रेग्युलेटर वाहू लागला तर वर येताना लागणारा वायू तिथेच संपतो. त्यातून 50 टक्के ऑक्सिजनची टाकी 21 मीटरपर्यंत वर आल्यावरच ओढायची असते, त्याखाली तिचा श्वास जिवावर बेतू शकतो. म्हणजे इथे लाल पट्टी हीच बरोबर स्थिती. नव्याने आमच्यात आलेल्या एका मुलाने 40 मीटरवर माझ्या कडेची लाल पट्टी पाहिली आणि घाईघाईने माझ्या नॉबकडे हात नेला. मला मदतच करत होता बिचारा. मी त्याचा हात धरला, टाकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला 21 हा आकडा दाखवला, आणि त्याला समजलं.

आता उतरायच्या आधी मी प्रत्येकाला माझ्याभोवती एक फेरी मारायला लावते आणि मोठ्याने म्हणवून घेते: पाठीवर हिरवं, कडेला लाल. मग 21 मीटरवर पोचल्यावर तोच मुलगा समोर येऊन थांबतो, मी आकडा दाखवते, नॉब हळूहळू फिरवते, आणि पांढऱ्या दोन रेघा पूर्ण दिसेपर्यंत तो माझ्या हातावरून नजर काढत नाही.