तुम्ही विचारलंत म्हणून: भाऊ गेला, तरी प्रार्थना कशी करते?

लोक हा प्रश्न मला आवाज खाली आणून विचारतात. "भाऊ बरा व्हावा म्हणून तुम्ही एवढी प्रार्थना केलीत, चर्चच्या मंडळीने उपास केले, आणि तो गेलाच. मग आता कशाच्या जोरावर प्रार्थना करता?" विचारणारे कधी विश्वासणारे असतात, कधी नसतात. पुष्कळदा त्यांच्या घरातही कोणीतरी अंथरुणावर असतं, किंवा नुकतंच गेलेलं असतं. म्हणून थोडक्यात उडवून न लावता नीट सांगते.

धीर देणारी म्हणून जी वचनं ओळखली जातात, त्यांनी मला सुरुवातीला धीर दिला नाही. भेटायला येणारी माणसं प्रेमाने सांगायची की देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. प्रेषित पौलाने रोमकरांना पत्रात लिहिलेलं ते वचन मी आजही मनापासून मानते. पण ताज्या दुःखावर ते कोणी घाईघाईने ठेवलं की बोलायची वाटच बंद होते. बायबलमधला ईयोब, मुलंबाळं आणि सगळं गमावलेला, त्याचे तीन मित्र आठवा. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढं त्यांचं अगदी बरोबर होतं. नंतर ते समजावायला लागले आणि सगळं बिघडलं. शेवटी देव रागावला तो या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य ते बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत, असं त्याने त्यांना सुनावलं. आणि ईयोबाने तर देवालाच जाब विचारला होता!

हे मला माझ्या भावाने शिकवलं. दवाखान्यात येणारा प्रत्येक जण त्याला बायबलमधलं तेविसावं स्तोत्र, "परमेश्वर माझा मेंढपाळ", वाचून दाखवायचा. एका संध्याकाळी मीही तेच उघडलं, तर तो म्हणाला, "ताई, ते नको. तो देवाशी भांडतो ना, ते वाच." मी अठ्ठ्याऐंशीवं काढलं. एज्राही हेमानाच्या नावावर असलेलं हे स्तोत्र फारसं कोणी मोठ्याने वाचत नाही, कारण बाकीची विलापाची स्तोत्रं बहुतेक शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. वाचताना माझा आवाज कापत होता. तो मात्र डोळे मिटून ऐकत राहिला आणि म्हणाला, "पण बोलतोय देवाशीच, बघ." खरंच आहे. तो माणूस रात्रंदिवस देवालाच हाक मारतो, सकाळ झाली की पुन्हा त्याच्याचपुढे उभा राहतो. पाठ फिरवून निघून गेलेला माणूस असं बोलत नाही.

तो गेल्यावर मी जिथे सगळ्यात जास्त वेळ थांबले, तो योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय. लाजार आजारी असल्याचा निरोप त्याच्या बहिणी मार्था आणि मरिया येशूला पाठवतात, आणि निरोप मिळूनही येशू होता तिथेच दोन दिवस राहतो. तो त्यांच्या गावी, बेथानीला, पोहोचेपर्यंत लाजाराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था त्याला गाठायला वाटेवर जाते आणि म्हणते की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मग मरिया येते, पायांवर पडते आणि अगदी हेच म्हणते. दोघी बहिणींनी त्या चार दिवसांत घरात हे किती वेळा एकमेकींना बोलून दाखवलं असेल, ते मला कोणी समजावून सांगायला नको. आम्हीही तसंच बोलत होतो.

आता येशूचं पाहा. तक्रार एकच, पण मार्थेशी तो बोलतो: पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे. मरियेला तो काहीच समजावत नाही. तिला रडताना बघून तो आतून हलतो, त्याला कुठे ठेवलंय एवढंच विचारतो, आणि रडतो. थोड्याच वेळात आपण लाजाराला कबरेतून हाक मारणार आहोत हे माहीत असूनही रडतो. माझ्या सगळ्या विश्वासात यापेक्षा जास्त आधार देणारी गोष्ट मला सापडलेली नाही. पुढे सगळं नीट होणार आहे म्हणून आजचं रडणं त्याने वायफळ ठरवलं नाही. आणि त्या दोघींना "अविश्वासू" म्हणून झिडकारलंही नाही.

तुमचा प्रश्न प्रार्थनेचा आहे, तिकडे येते. "देवाने ऐकलं नाही" असं तुम्ही म्हणता, तेव्हा मला गेथशेमाने आठवतं, येशूला पकडलं त्या रात्रीची ती बाग. प्याला, म्हणजे पुढ्यात आलेलं दुःख आणि मरण, टळून जावा म्हणून येशूने तीनदा तीच प्रार्थना केली. प्याला टळला नाही. तरीही इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय की त्याने मोठा आक्रोश करत, अश्रू गाळत प्रार्थना केली आणि ती ऐकली गेली. ऐकली गेली! वधस्तंभ तर चुकला नाही. म्हणजे ऐकणं आणि मागितलेलं हातात देणं, या दोन गोष्टी देवाच्या ठायी एकच नाहीत. पौलानेही शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा तसाच राहिला, आणि उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." भावाच्या शेवटच्या आठवड्यात त्या खोलीत जी शांती होती, ती आमच्यापैकी कोणाच्याही स्वभावातली नव्हती. मी तिला कृपा म्हणते. तुम्हाला दुसरं काही म्हणायचं असेल तर मी वाद घालणार नाही.

बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकाबद्दल बोलल्याशिवाय मात्र राहवत नाही. परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते, या ओळी आपण भिंतीवर लावतो, शुभेच्छापत्रांवर छापतो. त्यांच्या आधी काय आहे ते छापत नाही. त्याच तिसऱ्या अध्यायात कवी म्हणतो की मी ओरडलो तरी देव माझी प्रार्थना अडवतो, तो दबा धरलेल्या अस्वलासारखा आहे, त्याने खड्यांनी माझे दात पाडले. इ.स.पू. 586 मध्ये यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, त्या राखेतली ही गीतं. पाचपैकी चार गीतं हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या क्रमाने रचलेली आहेत. या तिसऱ्यात तर एकेका अक्षराची तीन-तीन वचनं, एकूण 66. आकांत चालू असताना एवढी शिस्त कशाला, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, दुःख आवरेनासं झालं की धरायला काहीतरी लागतं. मी रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी बसते, मन असो वा नसो, त्याचं कारण हेच. कधी एकही शब्द येत नाही. तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, या रोमकरांच्या आठव्या अध्यायातल्या वचनावर सगळं सोपवून उठते.

पंडिता रमाबाईंचाही मला फार आधार वाटतो. आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ गेला, लग्नानंतर थोड्याच काळात नवरा गेला, आणि 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा. तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं काम त्या करत राहिल्या, 1922 मध्ये स्वतः जाईपर्यंत.

आणि ज्यांना प्रार्थनेचीही ताकद उरलेली नाही त्यांनी बायबलमधल्या संदेष्टा एलीयाकडे बघावं. तो झुडपाखाली मरण मागत झोपला, तर देवदूताने आधी त्याला उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. उपदेश केला नाही. जेवा, झोपा. देव तेवढं थांबतो.

सुरुवात कुठून करू, असं विचाराल तर तेरावं स्तोत्र घ्या. सहाच वचनं आहेत. मोठ्याने वाचा, "किती काळ" आलं की आपल्या माणसाचं नाव घ्या. शेवटच्या दोन वचनांत भरवसा आणि गाणं आहे. ते आज तोंडातून निघत नसेल तर चौथ्यावर थांबा, मीही बरेच दिवस तिथेच थांबत होते. वाचवतही नसेल तर कोणालातरी वाचायला सांगा. मला सांगितलंत तर मी येईन.