कूलरची पट्टी मिळवताना: माझा अनुभव

नवा प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), सगळं घरात येऊन पडलेलं आणि कॉम्प्युटर बंद. कारण काय, तर प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर बोर्डावर बसवायची एक लोखंडी पट्टी नाही. त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहून टाकतोय.

मी अकोल्यात लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. जुना आय5-10400 प्रोसेसर 4के फुटेज समोर आलं की हात टेकायचा. म्हणून आय5-14600के प्रोसेसर, बी760 बोर्ड (डीडीआर4 प्रकारची रॅम घेणारा, म्हणून जुनी रॅम वाचली) आणि आरटीएक्स 4070 ग्राफिक्स कार्ड घेतलं. इथवर काही सांगण्यासारखं नाही.

एसएमपीएसचं गणित सोपं आहे, दुकानदार ते अवघड करून सांगतात. 14600के च्या नावापुढे 125 वॅट दिसतात, पण टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण वेगात, तो 181 पर्यंत जातो. कार्डाचे 200. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नास-साठ धरा. झाले साधारण 440. कार्ड क्षणभर आपल्या 200 पेक्षा बरंच जास्त ओढतं, म्हणून या कार्डासाठी ते बनवणारी एनव्हिडिया स्वतःच 650 सांगते. दुकानदार 850 चा गळ्यात मारत होता. मी 650 वरच थांबलो. मात्र खोक्यावर ‘एटीएक्स 3.0’ आहे ना ते बघून घेतलं, कारण एसएमपीएससाठीच्या त्या नियमात असे झटके सोसण्याची अट आहे.

वॅटच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका, बाजूचं लेबल वाचा. 12 व्होल्टच्या रांगेत 54 अँपिअर असेल तर 12 गुणिले 54, म्हणजे 648 वॅट खरे. स्वस्तातल्या ‘500 वॅट’वर त्याच रांगेत 25 लिहिलेलं असतं, म्हणजे 300 झाले. आणि आपल्या विदर्भवाल्यांसाठी खास: हे वॅट किती तापमानाला मोजलेत ते कंपनीच्या साइटवर शोधा. कुणी 40 अंशांना मोजतं, कुणी 50 ला. मे महिन्यात बाहेर 44-45 असताना कॅबिनेटच्या आत काय असेल? मी 50 वालाच घेतला. ‘80 प्लस गोल्ड’ चांगलंच, पण ते फक्त वीज किती वाया जाते एवढंच सांगतं. आतल्या मालाची हमी त्यात नाही.

आता मूळ दुखणं. माझ्याकडे आधीपासून प्रोसेसरवर बसणारा एक चांगला टॉवर कूलर होता, सहा हीट पाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या नळ्यांचा). 14600के सोबत पेटीत कूलर येत नाही, पण मला फिकीर नव्हती. अडचण एकच. जुन्या 1200 सॉकेटला (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) कूलर बसवायच्या भोकांमधलं अंतर 75 मिलिमीटर, नव्या 1700 ला 78. शिवाय नव्यात प्रोसेसर थोडा खाली बसतो, त्यामुळे जुनी पट्टी ओढूनताणून बसवली तरी दाब नीट येत नाही. काही जण भोकं घासून मोठी करतात. असल्या महागड्या बोर्डावर मी ते करणार नव्हतो.

कूलरच्या कंपनीच्या साइटवर ठळक अक्षरांत होतं: जुन्या ग्राहकांना नवी पट्टी मोफत. फॉर्म भरला. कूलरचा फोटो, नव्या प्रोसेसरचं बिल, कूलरचं बिल. तिकीट नंबर आला आणि मग शांतता. पुष्कळ दिवसांनी एक ओळ आली: भारतातल्या ग्राहकांनी आयातदाराशी संपर्क साधावा. आयातदाराच्या फोनवर आधी गाणं, मग इंग्रजी, मग पुन्हा गाणं. अखेर एक मुलगी बोलली, स्वभावाने चांगली होती, पण म्हणाली, “सर, बिलावर मॉडेल नंबर नाही.”

बिल काढून पाहिलं. ‘कॉम्प्युटर पार्ट्स – 1 नग’. खाली 18 टक्के जीएसटी अगदी पैशापैशाने फोडून लिहिलेला. टॅक्स घेताना चोख आणि वस्तूचं नाव लिहिताना हात आखडला! कूलरवर सीरियल नंबर आहे, फोटोत तो दिसतोय, हे मी परोपरीने सांगितलं. सिस्टीम घेत नाही म्हणे.

दुकान नागपूरचं, सीताबर्डीतलं. फोन केला तर, “भाऊ, देतो ना टाकून, पण तेव्हाचं सॉफ्टवेअर बदललं, जुनी एन्ट्री उघडत नाही.” उद्या करतो, परवा करतो, मालक गावाला गेलेत. इकडे बोर्डाची बदलून मिळायची मुदत चाललेली, आणि कूलरशिवाय चालू करून तपासणार कसं? पलंगावर सगळा माल आईच्या जुन्या चादरीखाली. मेहुणा म्हणाला, नवा कूलर घ्या की, कशाला जीव जाळता. त्याचं बरोबर होतं, पण तोवर मी हट्टाला पेटलो होतो.

शेवटी रेल्वेने गेलो आणि काउंटरवर उभाच राहिलो. इतर गिऱ्हाइकांसमोर शांतपणे तेच तेच विचारत राहिलो. लेटरहेडवर बिल नंबर, तारीख, मॉडेल, सीरियल नंबर लिहून, सही-शिक्का मारून कागद मिळाला. हा कागद आयातदाराने चालवून घेतला. म्हणजे तुमचं बिल असं मोघम असेल तर सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका, थेट लेटरहेड मागा. पट्टी आली ती तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या पिशवीत: दोन पट्ट्या, चार स्क्रू. कुरिअरचे पैसे मात्र माझे.

बसवायला अर्धा तास लागला. स्क्रू एकेक पूर्ण न आवळता कोपऱ्याकोपऱ्याने थोडे थोडे आवळायचे.

याच दिवसांत ‘लिक्विड (पंपाने द्रव फिरवणारा कूलर) घ्या, उन्हाळ्याला तेच लागतं’ हा सल्ला फार ऐकला. लिक्विड असो की हवेचा, खोलीच्या तापमानाच्या खाली कुणीच नेत नाही, आणि पंप बंद पडला की खेळ संपला. यूट्यूबवरचे आकडेही जपून घ्या, त्यांची खोली बहुधा 21 ते 25 अंशांची असते. आमच्या खोलीत वाळ्याचा कूलर लावूनही 33-34, म्हणजे त्यांच्या आकड्यात सरळ दहा मिळवायचे. त्या कूलरचा झोत मात्र कॅबिनेटवर येऊ देऊ नका, ओल आणि धूळ दोन्ही आत जातात.

राहिलंच: जुन्या एसएमपीएसच्या मॉड्युलर (काढता-लावता येणाऱ्या) केबल नव्याला लावायच्या नाहीत. टोक बसतं, पण आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा, हार्ड डिस्क जळू शकते. आणि 13व्या-14व्या पिढीचा इंटेल असेल तर सगळ्यात आधी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. जास्तीच्या व्होल्टेजने प्रोसेसर खराब होत होते, त्यावरचे उपाय 2024 च्या ऑगस्टपासून यायला लागले.

बोर्ड मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी चालू झाला, धडधाकट निघाला. आता भर दुपारी लांबलचक रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार करणं) लावला तर प्रोसेसर 86-87 अंशांना थांबतो, मर्यादा 100 ची आहे. मेहुण्याला स्क्रीनचा फोटो पाठवला. तो म्हणाला, नवा कूलर घेतला असता तर एव्हाना दोन लग्नं उरकली असती.