सेव्हन-इलेव्हनची बाराखडी: फुकेतला मुक्काम टाकणाऱ्यांसाठी

फुकेतला महिना-दोन महिने राहायला आलेला मराठी माणूस पहिल्या आठवड्यात सेव्हन-इलेव्हनच्या प्रेमात पडतो आणि तिसऱ्या आठवड्यात त्या दुकानावर वैतागतो. दोन्हीचं कारण एकच. दुकान चोवीस तास उघडं, थंडगार आणि हाकेच्या अंतरावर असतं, पण पाकिटांवरचं सगळं थाई लिपीत. थायलंडमधलं पहिलं दुकान १९८९ साली बँकॉकच्या पतपोंग रस्त्यावर उघडलं. आज जपान सोडला तर या साखळीची सर्वांत जास्त दुकानं याच देशात आहेत. म्हणजे टाळून चालत नाही, वाचायलाच शिकावं लागतं.

सुरुवात शाकाहारापासून करू, कारण सगळ्यात जास्त घोटाळे तिथेच होतात. आपल्याकडचा हिरवा ठिपका इथे नाही. इथे शोधायची ती पिवळ्या पट्टीवरची लाल खूण, इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी दिसणारी. ती 'जे' अशी वाचतात. जे म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध नाही आणि वर कांदा-लसूणही नाही, म्हणजे आपल्या उपासाच्या आजीलासुद्धा चालेल इतकं कडक. फुकेतचा जे उत्सव चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. त्या नऊ दिवसांत अशी पाकिटं ढिगाने मिळतात, एरवी शोधावी लागतात. दुसरा शब्द 'मंग्सविरात'. नीट ऐकलं तर त्यात आपलीच 'मांसविरती' सापडते. यात दूध आणि अंडं चालतं.

पाकिटावर भाज्यांचं चित्र असणं हा कसलाच पुरावा नाही. भाजीभातात मत्स्यसॉस, परतलेल्या पालेभाजीत ऑयस्टर सॉस, टोफूच्या डब्यात डुकराचा खिमा हे इथे अगदी सरळसाधं जेवण आहे, कोणी फसवत नसतं. प्रसिद्ध हॅम-चीज टोस्टीतलं हॅम डुकराचंच. काचेच्या पेटीत वाफाळणाऱ्या 'सालापाव'मध्ये क्रीम किंवा काळ्या घेवड्याचं सारण असलं, तरी पिठात चरबी असू शकते. अगदी काटेकोर शाकाहारी असाल तर तो सोडून द्या. फोनचा कॅमेरा भाषांतर करून देतो, पण चकचकीत, सुरकुतलेल्या प्लास्टिकवर गडबडतो. म्हणून पाच शब्द तोंडपाठ हवेत: मू म्हणजे डुक्कर, काय म्हणजे कोंबडी, नुआ म्हणजे बहुधा गोमांस, प्ला म्हणजे मासा, कुंग म्हणजे कोळंबी. पाकीट पुढे धरून 'मी मू माय?' विचारायचं. उत्तर 'मी' आलं तर आहे, 'माय मी' आलं तर नाही. विचारण्यात 'फी' किंवा 'नोंग' लावलं तर चेहरा खुलतो. आपल्या दादा-ताईसारखंच ते, फी मोठ्यांना आणि नोंग धाकट्यांना.

दही हा स्वतंत्र विषय आहे. 'रोत थम्माचात', म्हणजे नैसर्गिक चव, असं लिहिलेल्या कपात बहुतेक वेळा साखर असते. बिनसाखरेचं हवं तर मागच्या तक्त्यात साखरेचा आकडा पाहा. दुधाची स्वतःची साखर १०० ग्रॅममागे चार-पाच ग्रॅम असते. आकडा दहाच्या पुढे गेला की ते गोड दही समजा. आकडा वाटीमागे दिलेला असतो, त्यामुळे वाटीचं वजन पाहून भागाकार करावा लागतो. दुधातही 'ज्यूत' म्हणजे साधं आणि 'वान' म्हणजे गोड, बाकी स्ट्रॉबेरीपासून चॉकलेटपर्यंत काहीही. एकदा बिनसाखरेचं, जिवंत जिवाणूंचं दही हाती लागलं की घरी विरजण लावणं सोपं: लिटरभर कोमट दुधाला एक मोठा चमचा, आणि इथल्या उकाड्यात पाच-सहा तासांत घट्ट. त्याहून जास्त ठेवलं तर आंबट होतं, झोपताना लावलं तर सकाळी उठल्याबरोबर फ्रिजमध्ये. टेट्रापॅकमधलं दूध वापरलं तर उकळायचीही गरज नाही, फक्त कोमट करा.

तारखा. 'फलित' म्हणजे तयार केल्याची तारीख, 'मोत आयु' म्हणजे संपण्याची. संस्कृत कानावर असलेल्याला दोन्ही शब्द ओळखीचे वाटतील, 'आयु' तर आपलाच. गोंधळ वर्षाचा होतो. इथे बुद्ध संवत चालतो, आपल्या वर्षात ५४३ मिळवायचे. २०२६ म्हणजे २५६९, आणि पाकिटावर तेही नुसतं '६९' असं छापतात. क्रम दिवस-महिना-वर्ष. शेवटी ६९ किंवा ७० असेल तर बुद्ध संवत, २६ किंवा २७ असेल तर इसवी सन. आयात मालावर बहुधा दुसरा प्रकार असतो, आणि एकाच फडताळात दोन्ही सापडतात.

गल्ल्यावर प्रश्न ठरलेले. 'वेव माय?' म्हणजे मायक्रोवेव्ह करून देऊ का. खायचं ताबडतोब असेल तर हो म्हणा. घरी नेऊन गरम करणार असाल तर डब्यावर वॉट आणि वेळ छापलेली असते, ती दुकानातल्या जबर यंत्राची आहे की घरच्या, ते पाहा. १३०० वॉटवर एक मिनिट म्हणजे ८०० वॉटवर सुमारे एक मिनिट अडतीस सेकंद. नेमकं हेच विसरतात आणि भात बाहेरून गरम, आतून बर्फ राहतो. 'ऑल मेंबर' विचारलं तर सभासदत्व, 'माय मी' पुरतं. पिशवी घरून न्या. १ जानेवारी २०२० पासून मोठ्या दुकानांनी फुकट प्लास्टिक पिशव्या देणं थांबवलं.

फडताळावरची पिवळी चिठ्ठी पाहून उचललेल्या वस्तूचा दर गल्ल्यावर वेगळा निघतो. कारण बहुतेक वेळा चिठ्ठी शेजारच्या वस्तूची असते किंवा 'दोन घेतले तर' अशी अट असते. '१ थेम १' म्हणजे एकावर एक फुकट. बारकोडचे शेवटचे चार आकडे चिठ्ठीशी जुळवून पाहिले की वाद उरत नाही.

पैशांचं म्हणाल, तर परदेशी कार्डाने एटीएममधून काढायला बँका दरवेळी २२० बाथ किंवा त्याहून थोडं जास्त घेतात, त्यामुळे थोडे थोडे काढणं महागात पडतं. यंत्राने 'रुपयांत रूपांतर करू का' विचारलं तर नाहीच म्हणा. तो दर यंत्रवाल्याचा असतो आणि नेहमी वाईट. यंत्र हजाराच्या नोटा देतं. सोंगथेओचा, म्हणजे मागे बाकं टाकलेल्या सामायिक टेम्पोचा, चालक त्या घेत नाही, हे दुकान मात्र कुरकुर न करता मोडून देतं.

आता काय घ्यायचं नाही. रोजचं पिण्याचं पाणी इथून बाटलीबाटलीने नेऊ नका. नळाचं पीत नाहीतच, पण गल्लीच्या तोंडाशी असलेल्या यंत्रातून साधारण एका बाथला लिटर मिळतं, आणि २० लिटरचा जार घरपोच येतो. सनस्क्रीनचं छोटं पाकीट फक्त चेहऱ्यासाठी ठीक. अंगभर लावायला सुमारे ३० मिलिलिटर लागतं, त्यात एक पाकीट कुठेच पुरत नाही. शिवाय राष्ट्रीय सागरी उद्यानांत २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ४-मिथाइलबेन्झिलिडीन कॅम्फर आणि ब्युटिलपॅराबेन असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे, दंड एक लाख बाथपर्यंत. ऑक्टिनॉक्सेट घटकांच्या यादीत इथाइलहेक्झिल मेथॉक्सिसिनामेट या नावानेही असतं, नेमकं तेच नजरेतून सुटतं. 'व्हाइट' लिहिलेली लोशनं गोरं करण्याच्या दाव्याची असतात, उन्हापासून बचावाची असतीलच असं नाही. एसपीएफचा आकडा पाहा. औषधांत ताप-अंगदुखीपुरतं पॅरासिटामॉल मिळतं, त्यापुढे औषधांचं दुकान गाठा.

दारू वीस वर्षांखालच्यांना नाही. सकाळी ११ च्या आधी आणि मध्यरात्रीनंतर गल्ला बारकोडच स्वीकारत नाही, विक्रेत्याशी हुज्जत घालून उपयोग नाही. दुपारी २ ते ५ ची जुनी बंदी डिसेंबर २०२५ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर उठवली, म्हणून पेयांच्या फ्रिजवरची ताजी पाटी वाचा. माघ बुचा, विसाख बुचा अशा बौद्ध सणांना दुकानात दारू विकत नाहीत. पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशीच आणून ठेवा.

घरमालकाने विजेचं बिल तुमच्या हाती दिलं तर गल्ल्यावरच्या 'काउंटर सर्व्हिस'मध्ये भरता येतं. फुकेतचं बिल प्रांतीय वीज मंडळाचं असतं. बारकोड वाचला जाईल असं ते सपाट ठेवा, घडी बारकोडावर आली तर यंत्र नकार देतं. वर थोडं शुल्क लागतं, आणि रोख नेलेलं बरं. पावती उष्णतेवर उमटणाऱ्या कागदाची असते आणि इथल्या उकाड्यात काही आठवड्यांत कोरी होते, म्हणून गल्ल्यावरून हलण्याआधीच तिचा फोटो काढा.