नाव कुणाचं लागलं?

रविवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाही. कारण सांगितलं तर ही हसेल, म्हणून वहीत लिहितोय.

दुपारी धाकट्याची फुटबॉलची मॅच गेली. टायब्रेकरवर. चौथी किक याची होती, गोलीनं पायानं अडवली. रडला नाही, तेच वाईट. गाडीवर मागं बसला आणि मिरजकर तिकटीपर्यंत तोंडातून शब्द नाही. रडणारं पोरगं मला सांभाळता येतं, थोरल्यानं तेवढी सवय लावली आहे. गप्प बसलेलं नाही येत. म्हणून खासबागेत गाडी लावली, दोन भेळ सांगितल्या आणि सुरू झालो. कॅलेची गोष्ट.

ही गोष्ट मला पाठ आहे. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं ठरलेलं. 1999-2000 चा सीझन, फ्रान्सचा कप. नॉकआऊट, हरला की घरी. कॅले हे बंदराचं गाव आणि टीम चौथ्या डिव्हिजनची. कुणी गोदीत कामाला, कुणी मास्तर. दिवसा नोकरी, संध्याकाळी प्रॅक्टिस. ‘आपल्या पेठेतल्या पोरांसारखीच की’ हे वाक्य मी दरवेळी इथं घालतो. त्यांनी लीलला काढलं टायब्रेकरवर, कान गावच्या टीमला काढलं टायब्रेकरवर (इथं धाकट्यानं मान वर केली, मला वाटलं जमलं). मग पहिल्या डिव्हिजनचं स्त्रासबूर, 2-1. सेमीला बोर्दो, आदल्या वर्षीचा लीग विजेता. त्यांना जादा वेळेत 3-1.

फायनल 7 मे 2000 ला, पॅरिसच्या मोठ्या स्टेडियमवर, पाऊण लाखावर पब्लिक. समोर नाँत. 34 व्या मिनिटाला गोल कॅलेचा! हाफ टाईमला पुढं. मग नाँतच्या सिबिएर्स्कीनं बरोबरी केली, आणि 90 व्या मिनिटाला पेनल्टी. मारणारा तोच. 2-1. खेळ खल्लास.

इथं मी नेहमी थांबतो. मग हळू आवाजात शेवटचं सांगतो. नाँतचा कॅप्टन लांद्रो, गोली, जेमतेम वीस वर्षांचा. त्यानं कप एकट्यानं घेतला नाही. कॅलेच्या कॅप्टनला बोलावलं आणि दोघांनी मिळून उचलला.

धाकटा भेळेतला कांदा बाजूला काढत म्हणाला, “पप्पा, पण नाव कुणाचं लागलं?”

“नाँतचं.”

“मग.”

एवढंच. पुढं काही विचारायचं असल्यासारखंही म्हणाला नाही. हिशेब मिटवून वही बंद करावी तसं. मग चिंचेचं पाणी जास्त झालंय म्हणाला.

तेव्हापासून ते ‘मग’ डोक्यात फिरतंय. पंचवीस वर्षं ही गोष्ट सांगतोय मी. थोरल्याला सांगितली, भाच्याला सांगितली, तालमीतल्या, म्हणजे आमच्या फुटबॉल टीमच्या, पोरांना तर किती वेळा. नाव कुणाचं लागलं हे एकानंही विचारलं नाही. मी तरी कुठं विचारलं होतं.

त्याच उन्हाळ्यातली आमची फायनल. शाहू स्टेडियम, 1-1, शेवटची दोन-तीन मिनिटं. आमच्या गोलपुढच्या डीत मी पाय घातला. आधी बॉलला लागला की त्याच्या पायाला, यावर मी आजही भांडू शकतो. पंचांना पायाला लागलेला दिसला. पेनल्टी. अण्णा शिट्टीच्या आधीच उठून गेले होते, ते एक जाऊ दे. मग कधीतरी पेपरच्या आतल्या पानावर कॅलेची बातमी वाचली आणि जी धरली ती आजवर सोडली नाही. शेवटच्या मिनिटाची पेनल्टी, आणि तरी कप हातात! आपल्याला मात्र कुणी बोलावलं नाही, असं तेव्हा फार वाटायचं. कॅप्टन मी नव्हतोच, तर बोलावणार कुणाला, ही गोष्ट वेगळी.

म्हणजे आज भेळ पोराला आणि गोष्ट मला, असं झालं. त्याला त्याची किक हवी होती, मी त्याला माझी पेनल्टी दिली. तालमीच्या फळ्यावर जिंकलेली सालं पांढऱ्या रंगात लिहिली आहेत. 2000 नाही. पोरगं तो फळा रोज बघतं, त्याला कोण काय सांगणार.

आणि ज्यानं ती पेनल्टी मारली तो हल्ली रंकाळ्यावर फिरायला भेटतो. गुडघा कसा आहे विचारतो. त्याचाही डावाच गेलाय. मागच्या महिन्यात धीर करून विषय काढला, तर म्हणतो, “कुठली रे ती? त्या वर्षी आम्ही तीन फायनल खेळलो.” मी आपलं ‘असू दे, असू दे’ म्हणून पुढं चालायला लागलो. पंचवीस वर्षं मी जे उराशी धरून बसलोय, ते जिंकणाऱ्याच्या लक्षातच नाही. चालता चालता हसू आलं खरं.

आत्ता मोबाईलवर बघितलं. त्या सीझनला नाँतवरच लीगमध्ये खाली जायची वेळ आली होती, कसेबसे वाचले; आणि 2001 ला तेच लीग जिंकले. कॅलेचा तो क्लब 2017 ला बंद पडला. हे धाकट्याला सांगायचं नाही. किंवा सांगावं, तोच काहीतरी बरं विचारेल.

उपविजेत्यांना मिळालेला माझा वीतभर कप गॅलरीत आहे. ही त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते. मघाशी चिमटे बाहेर काढून उजेडात बघितला. खाली पत्र्याची पट्टी, तिच्यावर ‘उपविजेता’ आणि त्याखाली नावासाठी सोडलेली जागा. नाव घालून घ्यायचं राहिलंच की माझ्याकडून.

चिमटे परत भरून ठेवले. सकाळी याची जर्सी वाळत घालायची आहे, आणि सहाला उठव म्हणालाय, गांधी मैदानावर किका मारायच्यात. गोलीत मी.