फॅट ३.६, भाव मात्र ३.५ चा

दूध संस्थांच्या हिशोबाचं काम मी शक्यतो घेत नाही. दर दहा दिवसांनी बिल, त्यात पशुखाद्याची कपात, उचल, आणि सचिव लोकांना सगळं आत्ताच्या आत्ता पाहिजे असतं. पण या एका संस्थेचे हिशोब ऑडिटच्या आधी जुळवून द्यायचे होते आणि आकडे बघितले तर दूध संघाकडून येणारे पैसे आणि उत्पादकांना वाटलेले पैसे यात जेवढं मार्जिन राहायला पाहिजे त्याच्यापेक्षा बरंच जास्त उरत होतं. सचिव अण्णा त्यावर खूष. म्हणे यंदा संस्था फायद्यात आहे. मला असला आपोआप आलेला फायदा बघितला की पोटात गोळाच येतो, म्हणून म्हटलं तिथेच जाऊन बसू.

सकाळचं संकलन उरकत आलं होतं. तेवढ्यात एक आजी वही घेऊन आल्या. त्यांचं म्हणणं असं की मशीनच्या पावतीवर फॅट ३.६ येते, भिंतीवरच्या दरपत्रकात ३.६ चा भाव वेगळा आहे आणि बिलात त्याच्यापेक्षा लिटरमागे ३० पैसे कमी लागतात, हे कसं काय? अण्णा म्हणाले, "आजी, एसएनएफ कमी लागला असंल, काम्पुटर काय खोटं बोलतोय का." एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, भाव त्याच्यावरही ठरतो. आजी गप बसणाऱ्यातल्या नव्हत्या, त्यांनी पावत्याच काढून टेबलावर ठेवल्या. एसएनएफ ८.५, फॅट ३.६, सरळ सरळ. रोजचं १६ लिटर दूध, म्हणजे दहा दिवसाला १६० लिटर, ३० पैशाने ४८ रुपये. एका बिलाचे. मी म्हटलं अण्णा, मला ती बिलाची एक्सेल शीट उघडून द्या.

शीट तशी साधीच होती. एका टॅबमध्ये दरपत्रक, उभं फॅट आणि आडवं एसएनएफ, दुसऱ्या टॅबमध्ये रोजची नोंद, आणि इंडेक्स मॅच, म्हणजे तक्त्यात शोधून आकडा आणणारा फॉर्म्युला, लावून भाव उचललेला. कुठेही एरर नाही, सगळे रकाने भरलेले. आधी नेहमीचे संशयित बघितले, कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर आहे का, नाही, ऑटोमॅटिकच होतं. आकडे टेक्स्ट म्हणून बसलेत का, तर इझनंबर, म्हणजे हा आकडाच आहे का ते सांगणारं फंक्शन, सगळीकडे ट्रू. दरपत्रकातले भाव भिंतीवरच्या कागदाशी ताडून बघितले, तेही बरोबर. मग मी एका रिकाम्या जागी ३.० पासून ४.५ पर्यंत फॅट टाइप केल्या आणि समोर तोच फॉर्म्युला लावला. तिथे मात्र मी खुर्चीत सावरून बसले. ३.०, ३.१, ३.२ ला भाव बरोबर. ३.३ पासून ४.१ पर्यंत प्रत्येकाला एक पायरी खालचा भाव. आणि ४.२ पासून पुढे परत बरोबर! म्हणजे पातळ दूधवाल्याला पूर्ण पैसे, चांगल्या जर्सीवाल्याला पूर्ण पैसे, आणि मधला सगळा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईंचा गोतावळा, म्हणजे निम्म्याहून जास्त गाव, ३० पैशाने मार खातोय.

फॅटच्या कॉलमवर क्लिक केलं तर पहिला आकडा ३ आणि खाली प्रत्येक सेलमध्ये वरचा अधिक ०.१. हे बघितल्यावर डोक्यात घंटी वाजली पण सिद्ध करायला वेळ लागला, कारण एक्सेल इथे चक्क लपवाछपवी करतं. ३.३ च्या सेलला २० दशांश स्थळं दाखवायला लावली तर नुसते शून्य, कारण ते १५ अंकांच्या पुढचं दाखवतच नाही. सेल बरोबर ३.३ आहे का असं विचारलं तर ट्रू म्हणतं. त्यातून ३.३ वजा केले तर शून्य. आणि तीच वजाबाकी कंसात घातली की ४.४४ई-१६! म्हणजे शून्य शून्य करत सोळाव्या दशांश स्थळावर ४. कंस नसेल तर एक्सेल "जवळपास शून्यच आहे" म्हणून शून्य करून टाकतं, कंस घातला की खरं बोलतं. आणि मॅच हे फंक्शन असली दयामाया दाखवत नाही, ते आतला खरा आकडा बघतं.

कारण असं की कॉम्प्युटरचं सगळं दोनच्या पटीत चालतं आणि तिथे ०.१ कधी पूर्ण लिहिताच येत नाही, जसं आपल्याला एकतृतीयांश दशांशात लिहिताना ०.३३३ करत बसावं लागतं. तो बारीक उरलेला भाग प्रत्येक बेरजेत वरखाली सरकतो. ३.३ पासून तो वरच्या बाजूला गेला, ४.२ ला योगायोगाने जुळला, आणि ४.४ पासून खालच्या बाजूला गेला. आणि फॉर्म्युल्यात मॅचच्या शेवटी १ टाकलेला होता, म्हणजे नेमका आकडा नाही सापडला तर त्याच्या खालचा घे; शून्य असता तर नेमकाच आकडा शोधला असता. आजींची ३.६ ही दरपत्रकातल्या ३.६ पेक्षा केसभर लहान, म्हणून त्यांना ३.५ चा भाव.

हा १ कुठून आला म्हणून आधीच्या ऑपरेटरला फोन लावला, पोरगा आता पुण्यात असतो. म्हणाला, "ताई, आधी शून्यच होता, पण नवीन दरपत्रक बनवल्यावर खूप ठिकाणी एनए एनए यायला लागलं, बिलं थांबली होती, मग नेटवर बघून एक केला, लगेच सगळं भरलं." आता त्याला काय बोलणार. बिलाच्या दिवशी लोक दारात उभे असताना ते एनए घालवायची घाई मी समजू शकते. पण त्या शीटमध्ये खरं बोलणारं तेवढं एक एनएच होतं. फॅट सापडत नाही असं ते तोंडावर सांगत होतं, आणि त्याच्याच तोंडाला कुलूप लावलं. इफएरर लावून एररच्या जागी शून्य दाखवणारे महाभाग तर मला रोज भेटतात.

दुरुस्ती पाच मिनिटांची. बेरजेला राउंड लावला, एका दशांशापर्यंत, आणि मॅचचा १ काढून परत शून्य केला. नोंदीच्या बाजूलाही राउंड टाकला, उद्या तिकडून कुणी भलतं काही आणलं तर. म्हशीचं दरपत्रक पण तसंच बनवलेलं, ५.० पासून अधिक ०.१ करत, पण तिथे तो उरलेला भाग ५.२ पासूनच खालच्या बाजूला सरकत गेला होता म्हणून एकाही म्हैसवाल्याचा भाव चुकला नव्हता, निव्वळ नशीब. अण्णा म्हणाले, "मग म्हशीच्याला कशाला हात लावता, बरोबर आहे ना ते." आणि का ते समजावत बसायला वेळ नव्हता, मी लावला हात.

खरं काम त्यानंतरचं होतं, नवीन दरपत्रक लागू झाल्यापासूनची सगळी बिलं परत काढून फरकाची यादी करणं. चेअरमन दुपारी आले, त्यांनी पहिला प्रश्न विचारला की पैसे कुणी खाल्ले का. मी म्हटलं कुणीच नाही, संस्थेच्या खात्यातच पडलेत, तो अण्णांचा फायदा म्हणजे तेच. मग त्यांनी मुकाट्याने पुढच्या बिलात फरक द्यायचा ठराव घ्यायला लावला. आजींनी मात्र यादी होईपर्यंत थांबून आपलं नाव शोधून घेतलं आणि माझा आकडा त्यांच्या वहीतल्या आकड्याशी लावून बघितला. जुळला.